चैत्र-वैशाखात नदीवर गळ टाकताना: चौकशीपासून मासा घरी आणेपर्यंत

एप्रिल उजाडला की खानदेशातल्या गिरणा, बोरी, पांझरा, वाघूर या नद्यांची धार ठिकठिकाणी तुटते. पाणी डोहांत आणि केटी (कोल्हापूर पद्धतीच्या, फळ्या लावून पाणी अडवणाऱ्या) बंधाऱ्यांमागे उरतं, मासाही तिथेच अडकतो. त्यामुळे 'उन्हाळ्यात मासा सोपा' असा समज पक्का झाला आहे. या समजापायी माणसं सकाळी अकराला बंधाऱ्यावर पोचतात, हिरव्यागार साचलेल्या पाण्यात मोठा गळ टाकून एक-दीडपर्यंत बसतात आणि डोकं धरून रिकाम्या पिशवीनं परततात.

दुसरी चूक मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळे होते. त्यातले पुष्कळ व्हिडिओ ट्राउटचे असतात. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. दहा ते सोळा अंशांच्या पाण्यात तो खूश असतो, वीस अंशांच्या वर त्याची दमछाक सुरू होते. आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा उंचावरच्या पाण्यात आहे. तिथं 'ऊन वर येऊ द्या, पाणी जरा तापू द्या, मग काठी काढा' हा सल्ला बरोबर असतो. तोच सल्ला भुसावळच्या मे महिन्यात पाळला तर मासाही मिळत नाही आणि माणूसही आजारी पडतो.

पुढचे टप्पे काठी आणि गळ घेऊन घरच्यापुरते मासे धरणाऱ्यांसाठी आहेत. जाळ्याचं काम वेगळं, ते इथे नाही. टप्प्यांचा क्रम मात्र मोडू नका, कारण बहुतेक दिवस वाया जातात ते गळ पाण्यात पडायच्या आधीच्या चुकांमुळे.

१. आधी जागा ठरवा, आणि परवानगीही

धरणाच्या जलाशयातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेली असते. तिथल्या पाण्यात त्या लोकांनी पैसे घालून बीज सोडलेलं असतं. हतनूर, वाघूर, गिरणा अशा कोणत्याही जलाशयावर जायचं असेल तर आधी संस्थेच्या माणसाला भेटा आणि गळ टाकला तर चालेल का, किती मासे न्यायचे, पावती लागते का, हे विचारा. काही ठिकाणी थोडे पैसे घेऊन परवानगी देतात, काही ठिकाणी साफ नाही म्हणतात. नाही म्हटलं तर वाद घालू नका, ते त्यांचं पोट आहे. कोणाला विचारायचं हेच कळत नसेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात माहिती मिळते.

अनेर धरणाचा परिसर अभयारण्य आहे. यावल अभयारण्यातले ओढेही तसेच. तिथे काठी घेऊन जाऊच नका. देवळाजवळच्या डोहात गावानं मासे राखलेले असतील तर तो डोहही सोडा.

नवख्यानं सुरुवात वाहत्या नदीवरच्या डोहापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जलाशय फार पसरट असतो आणि मासा कुठे आहे हे कळायला वर्षं जातात. डोह लहान असतो, दोन-चार फेऱ्यांत समजतो.

२. दोन दिवस आधी पाण्याची चौकशी

गावातल्या कुणाला तरी फोन करा. शेतकरी, मेंढपाळ, पाण्याच्या मोटारीवरचा माणूस, कोणीही चालेल. अहिराणीत 'पानी कितलं शे?' एवढं विचारून थांबू नका. तीन गोष्टी विचारा:

पाणी वाहतं आहे की साचलेलं?
रंग कसा: नितळ, गढूळ की हिरवा?
वरून आवर्तन सुटलंय का, किंवा सुटणार आहे का?

आवर्तनाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उन्हाळ्यात गिरणा धरणातून पिण्यासाठी आणि शेतीसाठी नदीपात्रात पाणी सोडतात. कोरड्या वाळूतून ते पाणी पुढे सरकत येतं तेव्हा सोबत पाला, काड्या, फेस आणि सगळी घाण आणतं. पहिला दिवस गढूळ असतो, मासा पांगतो, गळाला तोंड लावत नाही. पाणी निवळायला लागलं की मात्र चित्र बदलतं. डोहाच्या वरच्या तोंडाशी, जिथे ताजं पाणी आत शिरतं, तिथे मासा येऊन उभा राहतो. त्या पाण्यात हवा मिसळलेली असते आणि वाहून आलेलं खाणंही. अख्ख्या उन्हाळ्यात गळाला इतका चांगला मासा एरवी क्वचितच लागतो, म्हणून आवर्तनाच्या बातमीवर कान ठेवा.

मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर केटी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात. फळ्या निघाल्या की मागचं पाणी उतरतं आणि आठवड्यापूर्वीची जागा कोरडी सापडते. तेही फोनवरच विचारून घ्या.

सावधान: आवर्तन सुरू असताना पात्रातल्या बेटावर, खडकावर किंवा पलीकडच्या काठावर जाऊन बसू नका. गेल्या गेल्या पाण्याच्या कडेला एक काडी रोवा. काडी बुडायला लागली तर सामान गोळा करायला थांबू नका, आधी काठावर या.

३. सामान: कमी, पण नीट बांधलेलं

काठी सात ते नऊ फुटांची पुरे. साधी बांबूची असली तरी डोहावर छान चालते, आणि लहान माशांसाठी तर रीळवाल्या काठीपेक्षा मी तीच हातात देईन. रीळ असेल तर मुख्य तंगूस (नायलॉनचा दोरा) ०.३० मिमीची घ्या आणि गळाजवळचा हात-दीड हात तुकडा ०.२५ किंवा ०.२० मिमीचा जोडा. हा शेवटचा तुकडा मुद्दाम कमकुवत ठेवायचा असतो. गळ दगडात अडकला तर फक्त तेवढाच तुटतो. बूच (पाण्यावर तरंगून टोचणी दाखवणारं), शिसं आणि लांबलचक तंगूस नदीत राहत नाही. बहुतेक जण थेट मुख्य तंगुसालाच गळ बांधतात. मग अडकल्यावर मधूनच कुठेतरी तुटते आणि पाण्यात पाखरांच्या पायांना फास तयार होतो.

गळाच्या नंबरात नवख्यांचा हमखास घोटाळा होतो. नंबर जितका मोठा, गळ तितका लहान. चेल्हा, लहान चिलापी यांना १२ ते १४ नंबर. मोठ्या चिलापीला ८ ते १०. रोहू-मृगळला ४ ते ६. मरळ आणि शिंगाड्याला १/० ते ३/०, म्हणजे चांगला दणकट गळ; '/०' लावलेल्या नंबरात मात्र उलट, अंक जितका मोठा तितका गळ मोठा. उन्हाळ्यात पाणी नितळ आणि कमी असतं, मासा जवळून पाहून तोंड लावतो, म्हणून शंका असेल तर एक आकार लहानच घ्या.

गळाचा उलटा काटा चिमट्याच्या पक्कडीनं दाबून सपाट करा. तंगूस ताणलेली ठेवली तर मासा त्यामुळे सुटत नाही, आणि लहान मासा परत सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. स्वतःच्या बोटात गळ गेला तरी काढता येतो.

गाठ अशी: तंगूस गळाच्या छिद्रातून ओवा, सुटं टोक उभ्या तंगुसाभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा, मग ते छिद्राजवळच्या लहान फटीतून आत घाला आणि तयार झालेल्या मोठ्या फासातून बाहेर काढा. थुंकीनं ओली करा आणि सावकाश आवळा. कोरडी गाठ आवळली की घर्षणानं तंगूस भाजते आणि नेमक्या मोठ्या माशाला तुटते.

तपासा: गळ लाकडाच्या ओंडक्यात रुतवा आणि दोन्ही हातांनी तंगूस ओढा. गाठ सरकली तर परत बांधा. रीळचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर सुटायला हवा. सहा किलोची तंगूस असेल तर साध्या काट्यावर दोन किलोला.

बाकी सामान: लांब चिमटा, लहान कात्री, गोणपाट, बर्फाचा डबा, दोरीला बांधलेला मत्स्यटाकीतला थर्मामीटर. पोलराइज्ड चष्मा असेल तर जरूर घ्या, पाण्यावरची चकाकी मारली जाते आणि तळ दिसतो. टोपी, उपरणं, माणशी किमान चार लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं. पायात चपला नकोत, बूट घाला. वाळूत काच असते आणि खडकांच्या कपारींत विंचू.

सावधान: कार्बनची काठी विजेच्या तारेखाली उभी करू नका. नदीकाठच्या मोटारींकडे जाणाऱ्या तारा फार खाली लोंबतात.

४. आमिष आणि चारा

चैत्रात गांडूळ शोधायला कोरड्या शेतात खणत बसू नका. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत ठिबकच्या नळीखालची माती बारा महिने ओली असते. मालकाला विचारून तिथे कुदळ मारा, अर्ध्या तासात पुरेशी गांडुळं मिळतात. नंतर खड्डा बुजवा आणि नळीला धक्का लावू नका. गांडुळं मडक्यात, ओल्या मातीत, वर ओलं फडकं बांधून ठेवा. प्लास्टिकच्या डबीत ठेवून गाडीवर टांगली तर नदी येईपर्यंत मरतात, आणि मेलेल्या गांडुळाला चिलापीसुद्धा नाक मुरडते.

रोहू-मृगळसाठी कणकेचा गोळा. गव्हाची कणीक, थोडं हरभऱ्याचं पीठ, भुईमुगाच्या पेंडेची पूड आणि अर्धं जास्त पिकलेलं केळं एकत्र मळा. गोळा हाताला चिकटायला नको आणि पाण्यात दहा मिनिटं तरी सुटायला नको. काठावर पोचल्यावर नाही, घरीच वाटीभर पाण्यात टाकून पाहा.

पाण्यात फेकायचा चारा वेगळा. तांदळाची कणी किंवा मक्याचा भरडा, त्यात सरकी किंवा भुईमुगाची पेंड, बांधायला थोडा गूळ. खानदेशात सरकी पेंड स्वस्त मिळते म्हणून लोक घमेलंभर ओततात, आणि उन्हाळ्यातली सगळ्यात महागाची चूक हीच. साचलेल्या गरम पाण्यात न खाल्लेला चारा काही तासांत आंबतो, कुजतो आणि कुजताना तळाचा प्राणवायू खातो. मासा तिथून निघून जातो. लिंबाएवढे चार-पाच गोळे सुरुवातीला, नंतर अर्ध्या तासानं एखादा, एवढंच. हिवाळ्यात जेवढा टाकत असाल त्याच्या निम्म्याहून कमी.

जिवंत बेडूक मरळीच्या गळाला लावायची पद्धत आहे. ती सोडा. रबरी बेडूक बाजारात मिळतो आणि चांगलं काम करतो.

५. वेळ: पाण्याचा रंग पाहून ठरवा

'पहाटे लवकर जा' हे सगळेच सांगतात. ते अर्धंच खरं आहे.

पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना साडेसातच्या आसपास. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. नितळ, वाहत्या पाण्यात याचा अर्थ सरळ आहे: पाणी सगळ्यात थंड उजाडताना असतं, म्हणून फटफटीतच गळ पाण्यात हवा. सूर्य सहाच्या आसपास उगवतो. साडेपाचला काठावर, आठ-साडेआठला आवरतं.

हिरव्या पाण्याचं गणित उलट आहे. हिरवेपणा असतो सूक्ष्म शेवाळाचा. दिवसा उन्हात ते प्राणवायू तयार करतं, पण रात्रभर तेच शेवाळ तो वापरतं. त्यामुळे अशा डोहात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो नेमका पहाटे. त्या वेळी मासे तोंड वर काढून पाण्याच्या पृष्ठभागावर हपापताना दिसतात. नवख्याला वाटतं, वर आलेत म्हणजे खायला आलेत. ते श्वासासाठी वर आलेले असतात, गळाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. हिरव्या पाण्यावर सात-साडेसातला सुरू करा आणि नऊ-साडेनऊला थांबा. संध्याकाळी पाचनंतर अंधार पडेपर्यंतची वेळ तर आणखी चांगली, कारण दिवसभरात प्राणवायू भरलेला असतो आणि ऊनही उतरलेलं असतं.

तपासा: थर्मामीटर एकदा पृष्ठभागावर आणि एकदा हात-दोन हात खोल सोडा, दर वेळी दोन मिनिटं ठेवा. खोलचं पाणी अठ्ठावीसच्या आत असेल तर निवांत बसा. अठ्ठावीस ते बत्तीस असेल तर फक्त सकाळचे पहिले दोन-अडीच तास. बत्तीसच्या वर गेलं असेल तर एकच नियम: जेवढे खायचे तेवढेच धरा आणि उठा. इतक्या गरम पाण्यात धरून सोडलेला मासा पोहत गेलेला दिसला तरी पुष्कळदा नंतर मरतो. 'सोडून देतोच आहे' म्हणून दिवसभर धरत राहणं तेव्हा चुकीचं आहे.

दहा ते चार या वेळेत काठी गुंडाळून ठेवा. मेच्या चौथ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठाचीही सावली पाण्यात पडत नाही. मासा तळाला चिकटून असतो.

६. काठावरची पहिली पंधरा मिनिटं

काठी उघडूच नका. पाण्यापासून दहा पावलं मागे उभं राहून पाहा. उन्हाळ्यातल्या उथळ नितळ पाण्यात माशाला काठावरचा माणूस लगेच कळतो. पांढरा शर्ट आणि लांब सावली तर फारच. सूर्य पाठीशी असेल तर वाकून किंवा बसून चला. पाय आपटू नका, हादरा जमिनीतून पाण्यात जातो. आपसात बोललेलं चालतं.

पाहायचं काय, ते सांगतो.

पाणी कुठून आत येतंय. अगदी बोटभर धार असली तरी तिच्या तोंडाशी हवा मिसळते. एप्रिल-मेमध्ये डोहातली ही पहिली जागा.

सावली. गिरणा, बोरी, वाघूर दक्षिणेकडून उत्तरेला वाहतात, म्हणून सकाळी पूर्वेकडच्या उंच दरडीची सावली पाण्यात असते आणि संध्याकाळी पश्चिमेकडच्या. तापी पश्चिमेला वाहते, तिथे दरडीपेक्षा झाडाची सावली उपयोगी. उंबराचं झाड पाण्यावर वाकलेलं दिसलं तर ती जागा हेरून ठेवा. पिकलेली उंबरं टपटप पडत असतात आणि खाली मासे वाट पाहत असतात.

वारा. उन्हाळ्यात दुपारनंतर तापीच्या खोऱ्यात बहुतेक पश्चिमेचा वारा सुटतो. जलाशयावर किंवा मोठ्या बंधाऱ्यावर संध्याकाळी बसणार असाल तर लाटा जिथे येऊन आदळतात तो पूर्वेकडचा काठ धरा. तिथे पाण्यात हवा मिसळते आणि तरंगतं खाणंही वाऱ्यानं ढकललेलं असतं. लोक मात्र वाऱ्याकडे पाठ करून शांत काठावर बसतात, कारण गळ लांब जातो.

बुडबुडे. तळातून बारीक बुडबुड्यांची रांग हळूहळू सरकत असेल तर मृगळ किंवा रोहू चिखल उकरतोय. एकाच जागी मोठे बुडबुडे येत असतील तर तो कुजलेल्या गाळाचा वायू, तिथे गळ टाकू नका.

सावधान: गिरणेच्या पात्रात वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावर पाणी येईल अशा खड्ड्यात जातं. काठीनं चाचपल्याशिवाय एकही पाऊल पाण्यात टाकू नका, पोहता येत असलं तरी. जलाशयाच्या उतरलेल्या काठावर वरून भेगाळलेला, कोरडा दिसणारा गाळ असतो, त्याखाली माणूस मांडीपर्यंत रुततो. एकट्यानं जाणं टाळा.

७. खोली मोजा, मग गळ टाका

बहुतेकांचा गळ पाण्यात अधांतरी लटकत असतो. रोहू-मृगळला आमिष तळाला टेकलेलं लागतं. खोली अशी मोजा: रिकाम्या गळाला शिशाचा जड गोळा लावा आणि ठरवलेल्या जागी सोडा. बूच पूर्ण बुडालं तर पाणी तुमच्या मापापेक्षा खोल आहे, बूच वर सरकवा. बूच आडवं पडलं तर माप जास्त झालं, खाली आणा. नुसतं टोक पाण्याबाहेर उभं राहिलं की माप जमलं. आता जड गोळा काढा आणि बूच चार बोटं वर सरकवा, आमिष तळाला अलगद टेकेल.

कटला मात्र वरच्या-मधल्या थरात खातो, त्याच्यासाठी आमिष पाण्याच्या मधोमध ठेवा. चिलापी काठालगत, दोन-तीन फुटांत. शिंगाडा आणि वाम तळाला, तेही दिवस मावळल्यावर.

आता चाऱ्याचे गोळे टाका, मग दहा मिनिटं थांबा. गळ चाऱ्याच्या बरोबर मधे नको, थोडा पलीकडे टाकून हळूच ओढत आणा. अर्धा तास एकही टोचणी आली नाही तर आमिष बदलायच्या आधी जागा बदला, पाच-दहा हात सरकलं तरी फरक पडतो.

फ्लायची (दोरा-पिसांच्या खोट्या माशीनं मासे धरायची) काठी बाळगणारेही आता खानदेशात दिसतात, त्यांच्यासाठी थोडं. चार-पाच नंबरची काठी आणि १४-१६ नंबरच्या गळावर बांधलेली काळी किंवा तपकिरी लहान माशी घेऊन दिवस मावळताना खळाळाच्या शेपटाशी उभं राहा. चेल्ह्यासारखे चंदेरी मासे त्या वेळी वरचे किडे टिपत असतात. फ्लायमध्ये फेकायचं वजन दोऱ्यात असतं, माशीत नाही, म्हणून दोरा मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबून मगच पुढे मारा. मागे बाभूळ नाही ना, ते आधी पाहा.

८. ओढ कोणाची, झटका कधी

बूच हललं की झटका, ही सवय उन्हाळ्यात फार मासे घालवते.

चिलापी पटपट टोचते, बूच नाचतं. तेव्हा थांबा. बूच एका बाजूला सरकायला लागलं की मनगटानं छोटा झटका द्या.

मृगळ-रोहू तळावरचं आमिष उचलतात तेव्हा बूच बुडत नाही, उलट वर येतं आणि आडवं पडतं. झटका तेव्हाच. बूच बुडण्याची वाट पाहिली तर मासा आमिष थुंकून गेलेला असतो.

शिंगाडा सरळ ओढून नेतो. त्याला झटक्यापेक्षा काठी उचलून ताण दिलेला पुरतो.

मरळ वेगळीच. ती वरची हवा घेऊन जगते, दर थोड्या वेळानं गुबुक आवाज करून पृष्ठभागावर येते, म्हणून प्राणवायू नसलेल्या पाणवनस्पतींच्या डबक्यातही ती धडधाकट असते आणि इतरांना नकोशा उन्हातही खाते. वनस्पतींच्या कडेनं रबरी बेडूक उड्या मारत आणा. पाणी फुटलं की लगेच ओढू नका, दोन आकडे मोजा, तोंडात गेल्याचा ताण हाताला लागू द्या, मग जोरात.

पाण्यावर तांबूस-नारंगी पिल्लांचा थवा एकत्र खालीवर होताना दिसला तर खाली त्यांचे आईबाप राखण करत असतात. त्या जागी गळ टाकू नका. राखणारी मरळ उचलली की पिल्लं तासाभरात इतर मासे फस्त करतात.

९. मासा हातात आल्यावर

मासा जितका जास्त वेळ खेळवाल तितका तो गरम पाण्यात दमतो. योग्य ताकदीची तंगूस वापरा आणि लवकर काठाला आणा.

सोडायचा असेल तर तो पाण्याबाहेर काढायचीच गरज नाही. ओल्या हातानं धरा, चिमट्यानं गळ मागे फिरवा, सुटला. गळ घशात खोल गेला असेल तर ओढू नका, तंगूस तोंडाशी कापा. फोटो काढायचाच असेल तर आधी मोबाइल तयार ठेवा, मग मासा उचला. कोरड्या हातानं, कोरड्या गोणपाटावर किंवा तापलेल्या काळ्या खडकावर ठेवलेल्या माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि नंतर तिथे बुरशी धरते. रोहू, कटला, मृगळ यांच्या पोटात मेअखेरीस अंडी भरत असतात, ती पावसाच्या पुरात पडायची असतात. फुगलेल्या पोटाची मोठी मादी मी तरी नेत नाही, आणि तुम्हीही नेऊ नये असं मनापासून वाटतं. लहान मासेही सोडा. चिलापी खुशाल ठेवा, ती बाहेरून आलेली आहे आणि आपल्या माशांची जागा व्यापते. थाई मांगूर लागला तर तो परत पाण्यात सोडू नका. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

सावधान: शिंगाड्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असा तीक्ष्ण काटा असतो, मांगूरला फक्त बाजूंचे दोन. मासा वळवळताना तो तळव्यात घुसतो, फार ठणकतो. ओलं फडकं टाकून वरून दाबून धरा. टोचलाच तर जखम धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि सूज चढली तर डॉक्टरांकडे जा.

ठेवायचा मासा पिशवीत तडफडत ठेवू नका. डोक्यावर एक घाव घालून लगेच मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या, पोट साफ करा, बर्फात घाला. जेवढा मासा तेवढाच बर्फ, किलोला किलो. खाली बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ, आणि डब्याला ओलं गोणपाट गुंडाळा. डब्याचं पाणी जायचं भोक उघडं ठेवा, वितळलेल्या पाण्यात मासा भिजला की मऊ पडतो. बर्फ नसेल तर बेचाळीस अंशांत पिशवीतला मासा घरी पोचेपर्यंत खराब होतो. मग कितीही तिखट घाला, उपयोग नाही. बर्फ मिळाला नाही त्या दिवशी मासा ठेवायचाच नाही, सगळे सोडायचे.

सुरुंग, विष किंवा विजेचा शॉक देऊन मासे मारणारी टोळी डोहावर दिसली तर तिच्याशी भांडू नका, लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. सुरुंग आणि विषाला १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. शॉक दिलेल्या पाण्यात पाय घालणं जिवावर बेतू शकतं.

१०. उठायची वेळ, आणि काठ सोडताना

तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पाणी प्या. सोबतच्याचं बोलणं अडखळायला लागलं, घाम येणं थांबलं, अंग तापलं, उलटी झाली तर तो उन्हाचा झटका आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून उपरण्यानं वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

तुटलेली तंगूस गोळा करून खिशात घाला, घरी आल्यावर बोटभर तुकडे करून मगच कचऱ्यात टाका. उरलेला चारा पाण्यात ओतू नका, परत न्या. रीळ गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. शेवटची हातभर तंगूस कापून टाका, कारण उन्हानं आणि दगडानं तीच झिजलेली असते. डब्यातले गळ दुसऱ्या दिवशी पुसून ठेवा.

एका वहीत त्या दिवसाच्या चार ओळी लिहा: जागा, पाण्याचा रंग, दोन्ही खोलींवरचं तापमान, आवर्तन सुटून किती दिवस झाले, मासा किती वाजता लागला. पुढच्या चैत्रात त्याच डोहावर जायच्या आधी ते पान उघडा आणि दुसऱ्या टप्प्यातला फोन त्यानंतर करा.